मेरी बेकर एडी: अंथरुणातून उठलेली बाई, आणि माझी मावशी

सदाशिवातली

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

गेले चार-पाच महिने एका बाईंचं आयुष्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. मेरी बेकर एडी. अमेरिकेत 'ख्रिश्चन सायन्स' हा पंथ त्यांनी काढला. प्रार्थनेनं आजार बरा होतो, इतकंच नाही, तर आजार मुळात खराच नाही, ती मनाची चुकीची समजूत आहे, अशी त्यांची शिकवण. मी त्यांच्यापर्यंत पोचले ती माझ्या मावशीमुळे.

मावशी शाळेत गणित शिकवायची. निवृत्तीनंतर एका प्रार्थना मंडळात जायला लागली. मंडळाचं नाव लिहिणार नाही, धर्मही नाही, कारण असं सगळीकडे आहे. छातीत गाठ हाताला लागली तेव्हा तिनं ते आधी तिथं सांगितलं, आम्हाला नाही. तिथले लोक म्हणाले, गाठ आहे असं तोंडानं म्हणूसुद्धा नका, म्हटलं की ती घट्ट होते. सात महिने असे गेले. मग ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं झालं. गेल्या आषाढात ती गेली. त्याआधी पंधरा दिवस, मी तिच्या पायांना तेल लावत होते तेव्हा तिनं विचारलं, "माझीच श्रद्धा कमी पडली का गं?"

त्या प्रश्नाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. डेक्कनला फुटपाथवर जुन्या पुस्तकांत एडीबाईंचं 'सायन्स अँड हेल्थ' दिसलं तेव्हा रागानंच उचललं. मग त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. राग गेला नाही, पण त्याच्या शेजारी दुसरंही काहीतरी येऊन बसलं.

जन्म १६ जुलै १८२१, न्यू हॅम्पशायरमधलं बो नावाचं गाव. सहा भावंडांत धाकटी. वडील कडक कॅल्विनपंथी. कोणाचा उद्धार होणार आणि कोण नरकात जाणार हे देवानं आधीच ठरवून ठेवलंय, असं मानणारं ते घर. या गोष्टीच्या धसक्यानं आपण लहानपणी तापानं फणफणलो आणि आईनं देवाच्या प्रेमावर भरवसा ठेवायला सांगितल्यावर ताप उतरला, असं बाईंनी स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे त्यांची सगळी शिकवण त्या एका खाटेपाशी सुरू होते, असं मला वाटतं. भीतीनं आलेला ताप आणि मायेनं गेलेला ताप.

पुढे दुःखांची रांग आहे. १८४३ च्या डिसेंबरात जॉर्ज ग्लोव्हर यांच्याशी लग्न. दक्षिणेकडे बिऱ्हाड नेलं. सहा महिन्यांत नवरा पिवळ्या तापानं गेला. बाई तेव्हा गरोदर. माहेरी परतल्या, सप्टेंबर १८४४ मध्ये मुलगा झाला, त्याचंही नाव जॉर्ज. बाळंतपणानंतर त्या अंथरुणाला खिळल्या. पाठ, पोट, झटके, अशक्तपणा. १८४९ मध्ये आई गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि १८५१ मध्ये पोराला सांभाळायला दुसऱ्या घरी पाठवलं, कारण आजारी आईला तो झेपत नव्हता. १८५३ मध्ये त्यांनी डॅनियल पॅटरसन या दातांच्या डॉक्टरशी लग्न केलं ते मुलगा परत मिळेल या आशेनं. मिळाला नाही. १८५६ मध्ये ज्यांच्याकडे मुलगा होता ते कुटुंब त्याला घेऊन मिनेसोटाला गेलं. मायलेकरांची पुढची भेट १८७९ मध्ये झाली. तेवीस वर्षांनी. मुलगा तोवर पस्तिशीचा गडी झालेला.

हे वाचून मी पुस्तक मिटवून ठेवलं होतं. "आजार खरा नाही" असं म्हणणाऱ्या बाईचं लेकरू तेवीस वर्षं आजारानंच हिरावलं होतं.

त्या काळातली डॉक्टरी कशी होती हेही ध्यानात घ्या. जळवा, रक्त काढणं, पाऱ्याची औषधं, अफू. बाईंनी होमिओपॅथी करून पाहिली, नुसत्या पाव-पाण्यावर राहण्याचा आहार करून पाहिला, जलोपचार झाले. १८६२ च्या ऑक्टोबरात त्या मेन राज्यातल्या पोर्टलंडला फिनिअस क्विम्बी यांच्याकडे गेल्या. हे मूळचे घड्याळजी, औषध न देता बोलून आणि मन वळवून बरं करायचे. आठवड्याभरात बाई तिथल्या सिटी हॉलच्या घुमटाच्या १८२ पायऱ्या चढल्या. पर्वतीला शंभरेक पायऱ्या आहेत, त्याच्या पावणेदोनपट समजा, आणि वर्षानुवर्षं अंथरुणात असलेली बाई! मला तिचं बरं होणं खोटं वाटत नाही. कुणीतरी तासन्‌तास समोर बसून ऐकलं, "तू बरी होशील" म्हणालं, हेच तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं असेल.

माझं म्हणणं एवढंच की तिचं बरं होणं खरं होतं, पण त्याचा तिनं सगळ्यांसाठी नियम केला तिथं घोटाळा झाला. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

नदीकाठ

चांगलं लिहिलंय, पण पंथाची जी मुख्य कथा आहे ती राहिली. १ फेब्रुवारी १८६६, मॅसॅच्युसेट्समधलं लिन. बाई बर्फावर घसरून पडल्या. क्विम्बी दोनच आठवड्यांपूर्वी वारले होते, तेव्हा जायचं कोणाकडे? तिसऱ्या दिवशी बायबल मागवलं, मत्तयच्या शुभवर्तमानातली पक्षघाती माणसाची गोष्ट वाचली, आणि उठून उभ्या राहिल्या. पंथाच्या दृष्टीनं हाच शोधाचा क्षण.

पण त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. कशिंग यांनी पुढे शपथेवर सांगितलं की बाईंची आशा सोडली असं मी कधीच म्हणालो नव्हतो. आणि पडल्यावर दोन आठवड्यांनी बाईंनी क्विम्बींच्या एका जुन्या शिष्याला पत्र लिहून मदत मागितली. तिसऱ्या दिवशी संपूर्ण बऱ्या झालेल्या बाईला मदत कशाला लागते? या दोन गोष्टी झाकून चरित्र सांगता येणार नाही.

सदाशिवातली

नदीकाठ, बरोबर आहे, मी मुद्दाम वगळलं नव्हतं, तिथपर्यंत पोचलेच नाही. मला ते पत्र उलट फार जवळचं वाटलं. बऱ्या झाल्यावरही भीती परत येते, हे आजारातून उठलेल्या कुणालाही विचारा. पुढे पंथ उभा राहिला तेव्हा कथेत ती भीती उरली नाही. कथा घासूनपुसून लख्ख झाली. मावशीला मंडळात ज्या 'साक्षी' ऐकवायचे त्या अशाच लख्ख असायच्या. मधल्या रात्री कुणी सांगत नसे.

रास्तापेठेतला

मी मराठी ख्रिस्ती. आमच्या घरात चार पिढ्या चर्च आहे, म्हणून एक स्पष्ट करतो. नावात 'ख्रिश्चन' असलं तरी बहुतेक चर्चेस ही शिकवण मान्य करत नाहीत. आमच्या श्रद्धेत देह खरा आहे, दुःख खरं आहे, येशूचं क्रुसावरचं दुखणं खरं आहे. एडीबाईंच्या मते जड वस्तूच खरी नाही, मग क्रूसाचं काय करायचं? आमच्याकडेही आजाऱ्यासाठी प्रार्थना होते, डोक्यावर हात ठेवला जातो. पण त्याच चर्चच्या मिशनऱ्यांनी या देशात दवाखाने काढले, नर्सेस घडवल्या. दोन्ही हातात हात घालून चालू शकतं.

आणखी एक. त्यांच्या चर्चमध्ये पाळक, म्हणजे धर्मगुरू, नसतो. १८९५ मध्ये बाईंनी ठरवलं की बायबल आणि 'सायन्स अँड हेल्थ' हीच दोन पुस्तकं पाळक. रविवारी दोन वाचक उभे राहतात, एक बायबल वाचतो, दुसरा बाईंचं पुस्तक. आपल्यानंतर कुणी स्वतःचं काही घुसवू नये म्हणून केलेली ही व्यवस्था. आपल्याकडे गुरुग्रंथसाहेबांची आठवण होईल कुणाला, पण तुलना तिथंच थांबवतो.

औंधची उमा

मी जरा दुसऱ्या बाजूनं लिहिते, रागावू नका. नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षं बॉस्टनला होतो. शेजारच्या आजी ख्रिश्चन सायन्सवाल्या. पंथाच्या मुख्य चर्चला, मदर चर्चला, मला घेऊन गेल्या होत्या. १८९४ ची मूळ लहान इमारत आणि तिला जोडलेली १९०६ ची प्रचंड घुमटाची. इतक्या शांत बाई मी पाहिल्या नाहीत. मला तिथं नैराश्य आलं होतं, पहिलं वर्ष नुसतं घरात. त्या रोज अर्धा तास येऊन बसायच्या. मला कधीही "डॉक्टरकडे जाऊ नकोस" म्हणाल्या नाहीत.

आणि एडीबाईंचं कर्तृत्व तरी बघा. १८७५ मध्ये पुस्तकाच्या पहिल्या हजार प्रती शिष्यांच्या पैशांतून छापल्या. १८७९ मध्ये चर्च. १८८१ मध्ये स्वतःचं कॉलेज, नाव मॅसॅच्युसेट्स मेटाफिजिकल कॉलेज. अमेरिकेत बाईला मताचा हक्क नव्हता तेव्हाची गोष्ट आहे ही. चर्चमधल्या दोन वाचकांत बायका उभ्या राहायच्या. १९०७ मध्ये मुलासकट नातेवाइकांनी कोर्टात दावा केला की म्हातारी भ्रमिष्ट झाली आहे, तिची इस्टेट दुसरेच चालवतात. कोर्टानं नेमलेली माणसं घरी येऊन त्यांच्याशी बोलली. ८६ वर्षांच्या बाईंनी नीट उत्तरं दिली, दावा मागे घेतला गेला. आणि पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, त्यांनी वर्तमानपत्र काढलं, 'ख्रिश्चन सायन्स मॉनिटर'. पेपर त्यांच्याविरुद्ध इतकं लिहीत होते, तर त्यांनी कुणालाही इजा न करण्याचं ब्रीद घेऊन स्वतःचा पेपर काढला. त्याला पुढे पत्रकारितेची सात पुलित्झर पारितोषिकं मिळाली.

सदाशिवातली

उमाताई, रागावेन कशाला? तुमच्या त्या आजींसारखं कुणी मावशीला भेटलं असतं तर मी हा धागा काढलाच नसता. पण मुलगाच आईविरुद्धच्या दाव्यात उभा होता, हे वाचताना मला पुन्हा १८५१ आठवलं. सहा-सात वर्षांच्या वयात दुसऱ्याच्या घरी पाठवलेलं पोर ते.

डॉक्टर निशिगंध

मी गेली बावीस वर्षं पुण्यात जनरल प्रॅक्टिस करतोय. दोन गोष्टी लिहितो.

पहिली. एडीबाईंनी सांगितलेली एक केस मला फार महत्त्वाची वाटते. जलोदराची एक रुग्ण, तिला त्या होमिओपॅथीच्या गोळ्या देत होत्या. मग रुग्णाला न सांगता औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, तरी ती सुधारत राहिली. आज आपण ज्याला प्लासिबो म्हणतो ते या बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिथून दोन वाटा फुटत होत्या. एक, विश्वासानं किती बरं होतं आणि किती होत नाही ते मोजायची. दुसरी, सगळंच मनाचं आहे असं मानायची. त्यांनी दुसरी धरली. विश्वासानं दुखणं, झोप, मळमळ, थकवा यांत खरोखर फरक पडतो, मी रोज पाहतो. गाठ विरघळत नाही. आतड्याला पडलेला पीळ सुटत नाही.

दुसरी. हे मोजलंही गेलं आहे. १९९८ मध्ये एका अमेरिकी बालरोग नियतकालिकात अभ्यास आला. १९७५ ते १९९५ या काळात धार्मिक कारणानं उपचार न मिळालेल्या १७२ मुलांचे मृत्यू तपासले, वेगवेगळ्या पंथांतले. त्यांतली १४० मुलं अशी होती की उपचार मिळाले असते तर जगण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त होती. १९८५ मध्ये इलिनॉयमधल्या ख्रिश्चन सायन्सवाल्यांच्या एका कॉलेजात गोवर पसरला, तीन तरुण जीव गेले. गोवर! लस तेव्हा वीस वर्षांहून जुनी होती.

मोठ्या माणसानं स्वतःबद्दल काय ठरवायचं हा त्याचा हक्क. पोराचं तसं नाही. पोराला मत विचारलेलं नसतं.

नदीकाठ

डॉक्टर, यात भर. बाई स्वतः इतक्या टोकाच्या नव्हत्या. मोडलेली हाडं आणि शस्त्रक्रिया तूर्त सर्जनवर सोपवावी, हे त्यांच्याच पुस्तकात आहे. वेदना फारच तीव्र असेल तर सर्जनकडून इंजेक्शन घेण्याची मुभाही आहे. कायदा सांगत असेल तर लस घ्या, भांडू नका, असंही त्यांनी सांगितलं. त्या स्वतः चष्मा लावायच्या, म्हातारपणी वेदना असह्य झाल्यावर मॉर्फीनही घेतलं. अनुयायांनी सवलती विसरून नियम तेवढा पाठ केला.

आणि ती थडग्यात टेलिफोन बसवल्याची गोष्ट कुणी इथं आणण्याआधी: ३ डिसेंबर १९१० ला त्या न्यूमोनियानं गेल्या. माउंट ऑबर्न स्मशानभूमीत थडगं तयार होईपर्यंत शवपेटी ठेवली होती, तिथल्या पहारेकऱ्यांसाठी फोन होता. एवढंच.

रमणबाग

आपल्या लोकांना हे सगळं ओळखीचं वाटतंय कारण "ब्रह्म सत्यं जगन्मिथ्या" आपण लहानपणापासून ऐकतो. विवेकानंदांनाही १८९४ च्या उन्हाळ्यात ग्रीनएकरच्या मेळाव्यात ख्रिश्चन सायन्सवाले भेटले होते. पण फरक मोठा आहे. शंकराचार्यांनी व्यवहारातलं सत्य वेगळं ठेवलं. दोरीवर भासलेला साप खोटा, पण व्यवहारात खरा साप चावला तर वैद्यच बोलवायचा. रामकृष्णांच्या घशाच्या कॅन्सरवर डॉ. महेंद्रलाल सरकार उपचार करत होते. रमण महर्षींच्या हातावरच्या गाठीवर शस्त्रक्रिया झाल्या. देह मी नव्हे म्हणणाऱ्यांनी देह डॉक्टरांपुढे धरला. मावशींच्या मंडळानं यातला अर्धाच भाग उचलला असावा.

कोथरूडची माई

मी रोज वाचते, लिहीत क्वचितच. पण आज राहवलं नाही, तारखा जुळवून बघत बसले होते.

१८८१ मध्ये एडीबाईंनी बॉस्टनला कॉलेज काढलं, आजार खरा नाही हे शिकवायला. एप्रिल १८८३ मध्ये आपली आनंदी जोशी कलकत्त्याहून बोटीत बसली, डॉक्टर व्हायला. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं होतं, तिच्या मनात ते होतं. दोघींच्या आयुष्यात एकच दुःख, हातातून गेलेलं मूल. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात आनंदीला पदवी मिळाली. पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. डिसेंबर १८८७ मध्ये रमाबाईंच्या विधवांच्या शाळेसाठी अमेरिकेतल्या लोकांनी संस्था स्थापली तीही बॉस्टनमध्येच, एडीबाई शिकवत होत्या त्याच शहरात.

आणि आनंदी? क्षयानं २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. बावीसही पूर्ण नव्हती. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाला १८८२ मध्येच सापडला होता, पण औषध यायला अजून साठ वर्षं होती. म्हणजे ती ज्या विद्येसाठी समुद्र ओलांडून गेली त्या विद्येकडेही तेव्हा तिच्यासाठी काही नव्हतं. म्हणून मी एडीबाईंकडे गेलेल्या त्या काळच्या माणसांना नावं ठेवत नाही. दुसरं दारच नव्हतं अनेकांना. आज दार आहे, आणि ते लावून घ्यायला सांगणाऱ्यांवर मात्र माझा राग आहे.

सावित्रीबाईंचंही लिहिते. १८९७ च्या प्लेगात रोग्यांना उचलून यशवंताच्या दवाखान्यात नेत होत्या, त्यातच १० मार्चला गेल्या. रोग्याजवळ बसणं म्हणजे काय, ते पुण्यानं पाहिलंय.

सदाशिवातली

माई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मावशीला आनंदीबाईंचं फार होतं. वर्गातल्या मुलींना तिची गोष्ट सांगायची, गणिताच्या तासाला! तरी त्या मंडळात गेली. शिकलेलं माणूस असं कसं करतं, असं घरातले सगळे म्हणाले. मला आता वाटतं ती तिथं गाठ बरी करायला गेलीच नव्हती. काका गेल्यावर संध्याकाळी सहा ते आठ तिला कुणी नव्हतं. मी आठवड्यातून एकदा फोन करायचे. त्या मंडळातल्या बायका रोज यायच्या.

आणि एडीबाईंचं एक अजून सांगायचं राहिलं, तेच मला सर्वांत वाईट वाटतं. १८८२ मध्ये त्यांचे तिसरे पती एसा एडी वारले. शवविच्छेदनात हृदयाचा विकार निघाला. पण बाई म्हणाल्या, शत्रूंनी मनानं विष घातलं. दुष्ट विचारानं दुरून मारता येतं यावर त्यांचा विश्वास बसला होता. आजार खराच नसेल तर माणूस मरतो कशानं? कुणाची तरी चूक हवी. शत्रूची, नाहीतर आजाऱ्याची. मावशीनं ती स्वतःची ठरवली.

डॉक्टर निशिगंध

सदाशिवातली, तुमच्या मावशींच्या प्रश्नाला डॉक्टर म्हणून उत्तर देतो. नाही. त्यांची श्रद्धा कमी पडली नाही. पेशींच्या वाढीला श्रद्धा कळत नाही. माझ्याकडे शंभर टक्के श्रद्धावान गेलेत आणि एक टक्काही श्रद्धा नसलेले जगलेत, आणि उलटही.

सदाशिवातली

हे तेव्हा माझ्या तोंडून निघायला हवं होतं. मी "असं काही नसतं गं" म्हणून विषय बदलला होता. आभार, डॉक्टर.

नवीन_वाचक_हडपसर

मी आजच सदस्य झाले. सासूबाईंच्या मानेला गाठ आहे, दोन महिने झाले. त्या एका ठिकाणी जातात, तिथं पाणी देतात मंत्रवून. त्यांना डॉक्टर म्हटलं की त्या रडतात, मिस्टर म्हणतात तिच्या श्रद्धेत पडू नको. कायद्यानं काही करता येतं का? भांडण न करता काय करू?

नदीकाठ

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण त्यात उपचार रोखण्याचं जे कलम आहे ते साप, विंचू, कुत्रा चावण्याबद्दल आहे. तुमच्या बाबतीत पोलीस आधी नकोतच. आधी घरातलं कुणीतरी त्यांच्या बाजूला बसायला हवं.

डॉक्टर निशिगंध

हडपसरच्या ताई, मानेची गाठ क्षयाची असू शकते, थायरॉइडची असू शकते, साधी सूजही असू शकते. बऱ्याचदा सुईनं थोडा नमुना घेऊन निदान होतं, फार दुखत नाही. दोन महिने झालेत, आता थांबू नका. त्यांना सांगा की फक्त बघायला जायचंय. पाणी प्यायला मी मनाई करणार नाही, कुठलाही शहाणा डॉक्टर करणार नाही.

औंधची उमा

आणि त्यांना एकट्या पाठवू नका. रांगेत शेजारी बसा. त्या रडल्या तर रडू द्या.

सदाशिवातली

ताई, त्यांना एकदा विचारा की त्यांना नक्की कशाची भीती वाटते. गाठीची, की ऑपरेशनची, की खर्चाची, की तिथल्या लोकांना काय वाटेल त्याची. मी मावशीला हे कधीच विचारलं नाही.

नवीन_वाचक_हडपसर

काल रात्री विचारलं. त्यांच्या आई ऑपरेशनच्या टेबलावर गेल्या होत्या, त्या तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. लग्नाला अकरा वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं. मिस्टरांनाही नव्हतं.

शुक्रवारची सकाळची वेळ मिळाली आहे. यायला तयार झाल्यात, पण तिथल्या एका बाईंना बरोबर घेऊनच येणार म्हणतात. मी चालेल म्हटलं. रिक्षात तिघी बसू.